पिळदार मोटारींचा जीर्णोद्धार

अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत डेट्रॉइट शहरापासून वायव्येस पाँटियाक या गांवापर्यंत वुडवर्ड नांवाचा एक रुंद रस्ता जातो. याच रस्त्याच्या एका मैलावर १९०९ सालीं काँक्रीटचा थर घालण्यांत आला, आणि मोटारींसाठीं बांधलेल्या काँक्रीटच्या सडकेचा तो पहिला मैल म्हणून तेथील लोक अद्याप त्याचा अभिमान बाळगतात. दर वर्षीं ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारीं या रस्त्यावर जुन्या मोटारींची यात्रा भरते. १९९५ सालीं फर्नडेल या उपनगरांत मुलांसाठीं फुटबॉलचें मैदान करावयाचें होतें. त्याच्या वर्गणीच्या निमित्तानें ती प्रथम भरली. आतां मैदानाची आठवण कोणी काढीत असेल असें वाटत नाहीं.

आम्हांस मोटारींचें वेड नाहीं. आमचा आयुष्यांतील बहुतेक प्रवास आगगाडीनें आणि एस. टी. नें झाला. तरीहि ही यात्रा आम्हीं पाहिली, ती आमच्या मेहुण्यांच्या आग्रहामुळें. ते पुण्यास इंजिनियर होऊन तिकडे गेले आणि त्या परिसरांतील कारखान्यांतच त्यांनीं सारी हयात काढली. रस्त्याच्या दोहों बाजूंस घडीच्या खुर्च्या टाकून म्हातारींकोतारीं सकाळपासून बसलीं होतीं. हवेंत पेट्रोलाचा उग्र दर्प भरला होता. आणि ज्या गाड्या पाव मैलाचें अंतर चौदा-पंधरा सेकंदांत तोडण्यासाठीं निर्माण झाल्या, त्या मुंगीच्या पावलांनीं एकेक चौक ओलांडीत होत्या. पालखीच्या वाटेवर बसलेल्या गांवकऱ्यांच्या चेहऱ्यावर जो भाव आम्हीं लहानपणापासून पाहिला, त्याच्याशीं ओळख सांगणारा कांहीं भाव त्या म्हाताऱ्यांच्या तोंडावर दिसला म्हणूनच हा लेख लिहावासा वाटला.

या गाड्यांना तिकडे 'मसल कार' म्हणतात. आमच्या तालमींतला शब्द योजावयाचा तर 'पिळदार मोटार' म्हणूं. मध्यम आकाराची, दोन दारांची, साधी घरगुती गाडी घ्यावयाची आणि तिच्या पोटांत मोठ्या गाडीचें आठ सिलिंडरांचें इंजिन बसवावयाचें, एवढेंच तिचें शास्त्र. युरोपांतील वेगवान गाड्या श्रीमंतांसाठीं, नाजुक हातांनीं घडविलेल्या. ही मात्र कामगाराच्या पोरासाठीं, लाखांनीं माल काढणाऱ्या कारखान्यांत निपजलेली. तिची किंमत समजून घेतांना हा भेद विसरतां कामा नये.

तिचा जन्म एका नियमाला दिलेल्या बगलेंतून झाला. जनरल मोटर्स कंपनीनें जानेवारी १९६३ मध्यें आपल्या सर्व शाखांस फर्मान काढलें कीं, कोणींहि शर्यतींच्या नादीं लागूं नये. मध्यम गाडींत ३३० घनइंचांहून मोठें इंजिन बसवूं नये, असाहि एक दंडक होता. पाँटियाक शाखेचा तर लौकिक शर्यतींवरच उभारलेला. तेथील मुख्य इंजिनियर जॉन डिलोरियन आणि त्याचे सहकारी बिल कॉलिन्स व रस गी यांच्या असें ध्यानांत आलें कीं, टेंपेस्ट या मध्यम गाडींतील ३२६ घनइंचांचें इंजिन आणि मोठ्या गाड्यांतील ३८९ घनइंचांचें इंजिन यांची बैठक एकच आहे. एकाच्या जागीं दुसरें सहज बसतें. दंडक होता तो गाडीबरोबर मूळचें म्हणून येणाऱ्या इंजिनासंबंधीं. गिऱ्हाइकानें जादा पैसे देऊन मागितलेल्या साहित्यासंबंधीं नव्हे. तेव्हां या चतुर मंडळींनीं नवी गाडी काढलीच नाहीं. टेंपेस्ट लेमान्स या गाडीवर सुमारें ३०० डॉलरांचा एक 'जादा साज' जाहीर केला, आणि फेरारीच्या शर्यतीच्या गाडीवरून सरळ उचललेलें 'जीटीओ' हें नांव त्यास दिलें. विक्रीखात्याचा अदमास पांच हजारांचा होता. १९६४ च्या हंगामांत ३२,४५० गाड्या खपल्या. १९६६ मध्यें हा आंकडा ९६,९४६ वर गेला.

या गाडीच्या जाहिरातीमागें जिम वँगर्स नांवाच्या गृहस्थाचें डोकें होतें. 'कार अँड ड्रायव्हर' या मासिकाच्या मार्च १९६४ च्या अंकांत फेरारीशीं तुलना करून जीटीओची मोठी वाखाणणी झाली, आणि तेथून तिच्या कीर्तीस खरी भरती आली. परंतु परीक्षेसाठीं दिलेल्या गाडींत ३८९ च्या ऐवजीं ४२१ घनइंचांचें इंजिन गुपचूप बसविलेलें होतें, अशी कबुली वँगर्सनें कित्येक वर्षांनीं दिली. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. तिचें काम आम्हांस पुढें पडणार आहे.

१९६४ हें सालहि कांहीं अकस्मात् आलेलें नाहीं. महायुद्ध संपल्यावर १९४६ मध्यें जीं मुलें जन्मलीं, तीं त्या वर्षीं अठरा वर्षांचीं झालीं. पेट्रोल स्वस्त, कारखान्यांत काम मुबलक. विशीच्या पोरालाहि हप्त्यांनीं नवी गाडी घेतां येई. प्रतिस्पर्ध्यांस पाँटियाकचें हें यश कसें पाहवेल? क्रायस्लर कंपनीच्या ४२६ घनइंचांच्या 'हेमी' इंजिनानें १९६४ च्या डेटोना शर्यतींत रिचर्ड पेटीस विजय मिळवून दिला होता. १९६६ पासून तेंच इंजिन, ४२५ अश्वशक्तीचें म्हणून, वाटेल त्या गिऱ्हाइकास मिळूं लागलें. आम्हांस यांतली अधिक मौज वाटते ती १९६८ च्या प्लिमथ 'रोड रनर'ची. पिळदार गाड्या आतां महाग होऊं लागल्या होत्या. म्हणून प्लिमथनें गालिचे, शोभेच्या पट्ट्या वगैरे सारा थाट काढून टाकला, इंजिन मात्र दणकट ठेवलें, आणि किंमत ३,००० डॉलरांच्या आंत राखली. सिनेमांतील व्यंगचित्रांत रस्त्यानें सुसाट पळणारा जो पक्षी, त्याचें नांव व चित्र वापरण्यासाठीं वॉर्नर ब्रदर्सना ५०,००० डॉलर दिले, आणि कर्णा असा बसविला कीं त्यांतून त्या पक्ष्याच्याच आवाजाची नक्कल निघावी! पहिल्या वर्षीं सुमारें ४५,००० गाड्या खपल्या. पोराला काय पाहिजे आणि काय नको, हें इतकें नेमकें ओळखणारा व्यापारी विरळा.

१९७० सालीं या चढाओढीचा कळस झाला. जनरल मोटर्सनें आपले दंडक सैल केले आणि शेव्हरोलेची शेव्हेल गाडी ४५४ घनइंचांच्या, ४५० अश्वशक्तीच्या इंजिनासह बाजारांत आली. या गाड्यांचें गुणवर्णन करणारे भक्त एक गोष्ट हळूच गाळतात. त्यांतल्या पुष्कळांचे ब्रेक घरगुती गाडीचेच राहिले होते. गाडी जितक्या लवकर वेग घेई तितक्या लवकर थांबत नसे. १९६६ पासून १९७३ पर्यंत दर वर्षीं अमेरिकेच्या रस्त्यांवर पन्नास हजारांहून अधिक माणसें मेलीं. तीं सारीं या गाड्यांनींच मारलीं असें कोणी म्हणणार नाहीं. पण विमा कंपन्या हिशेबी असतात. तरुणानें पिळदार गाडी घेतली कीं विम्याचा हप्ता इतका चढे कीं गाडीचा हप्ता बरा असें वाटावें. राल्फ नेडरचें मोटारींच्या सुरक्षिततेवरील पुस्तक १९६५ मध्यें निघालें होतें आणि पुढच्याच वर्षीं कायदा झाला होता. १९७० अखेर हवेच्या शुद्धतेचा कडक कायदा आला. १९७१ पासून कमी शिशाच्या पेट्रोलासाठीं इंजिनांतील दाब उतरविण्यांत आला. १९७२ मध्यें तर अश्वशक्ति मोजण्याची रीतच बदलली. नुसतें उघडें इंजिन बाकावर चालवून मोजण्याऐवजीं, गाडींत बसल्यावर त्यास जीं ओझीं वाहावीं लागतात त्यांसह तें मोजूं लागले. शेव्हेलचें जें ४५४ घनइंची इंजिन १९७१ सालीं ३६५ अश्वशक्तीचें म्हणवीत होतें, तें १९७२ सालीं २७० चें झालें. ऑक्टोबर १९७३ मध्यें अरब राष्ट्रांनीं तेल अडविलें. १९७४ च्या आरंभीं साऱ्या देशांत ताशीं ५५ मैलांची मर्यादा आली. त्या वर्षीं जीटीओ नांवाच्या ७,०५८ गाड्या निघाल्या आणि तें नांव बंद झालें. एक दशक, यापेक्षां अधिक आयुष्य या प्रकाराला लाभलें नाहीं.

त्यानंतरचीं वर्षें हालांचीं गेलीं. गाड्या कवडीमोलानें विकल्या गेल्या, पोरांनीं त्या आणखी पिटाळल्या, आणि उरल्या त्या परसांत गंजत पडल्या. गंजाविषयीं एक गोष्ट मेहुण्यांनीं सांगितली ती आम्हांस विसरवत नाहीं. डेट्रॉइट शहराच्या खालीं सुमारें १,२०० फुटांवर मिठाची मोठी खाण आहे. हिवाळ्यांत बर्फ वितळावें म्हणून मीठ रस्त्यांवर पसरतात. म्हणजे शहरानें वर गाड्या घडवाव्या आणि त्याच शहराच्या पोटांतील मिठानें त्या खाव्या, असा हा संसार चालला होता.

ज्यांनीं विशींत या गाड्या घेतल्या, किंवा हव्या असून घेतां आल्या नाहींत, ते चाळिशीस आले, हातांत पैसा खेळूं लागला, आणि शोध सुरू झाला. गाडी सांपडली कीं ती पूर्ण खोलावयाची. प्रत्येक खिळामोळा पिशवींत घालून वर चिठ्ठी बांधावयाची. पत्रा उघडा करून कुजलेला भाग कापावयाचा आणि नवा जोडावयाचा. इंजिनाचे सिलिंडर पुन्हा कातून घ्यावयाचे. या कामांत पांच-पांच, दहा-दहा वर्षें जातात, आणि ज्यांच्या हातून ती कधींच पुरी होत नाहीं असेहि पुष्कळ आहेत. आतां या गाड्यांचे सुटे भाग नवे करणारा मोठा धंदाच उभा राहिला आहे. १९६७ ते १९६९ च्या शेव्हरोले कॅमारोचा तर सबंध सांगाडा नव्या पत्र्याचा मिळतो. प्रदर्शनांतील परीक्षक इतके चिकित्सक कीं, रंग मूळच्यापेक्षां अधिक गुळगुळीत दिसला तर गुण कापतात. कारखान्यांतील कामगारानें घाईंत मारलेले रंगाचे फराटे आणि तपासनिसाच्या खडूच्या खुणा हौशी माणूस आतां जुनीं छायाचित्रें पाहून जशाच्या तशा उतरवितो. कामगाराच्या हलगर्जीची अशी पूजा जगांत अन्यत्र झाली असेल काय, न कळे.

येथें आम्हांस आपल्याकडील जीर्णोद्धाराची आठवण होते. अहिल्याबाई होळकरांनीं १७८० सालीं काशीविश्वेश्वराचें देऊळ बांधविलें, तेव्हां जुना दगड कोणता व नवा कोणता, हा प्रश्न त्यांस पडल्याचें दिसत नाहीं. पूजा पुन्हा सुरू झाली, देवाला घर मिळालें, म्हणजे जीर्णोद्धार झाला. याच्या उलट पुराणवस्तुसंशोधकाची दृष्टि. त्याला जुना दगड हवा. तो फुटका असला तरी चालेल, नवा नको. मोटारींच्या या नादांत दोन्ही दृष्टि एकाच माणसाच्या डोक्यांत नांदतात, आणि त्यामुळें त्याची मोठी ओढाताण होते. गाडी नवीसारखी झळकली पाहिजे. पण त्या नवेपणांतला प्रत्येक तुकडा जुनाच असला पाहिजे!

या ओढाताणीचें टोंक म्हणजे 'जुळते आंकडे'. १९६८ च्या सुमारापासून गाडीच्या क्रमांकाचा कांहीं भाग इंजिनावर व गीअरबॉक्सवरहि ठोकलेला असे. ते आंकडे जुळले, म्हणजे इंजिन जन्मापासूनचें ठरलें, तर गाडीला एक भाव. न जुळले तर पुष्कळच कमी. कारखान्यांत गाडी जुळवितांना कामगारांस सूचना देणारा जो कागद असे, तो कधीं मागच्या बैठकीच्या स्प्रिंगांत, कधीं पेट्रोलच्या टाकीवर अडकून राहिलेला सांपडतो. असा उंदरांनीं कुरतडलेला कागद मिळाला कीं मालक तो कुळाच्या सनदेसारखा जपतो. आणि जेथें सनदेला किंमत आली तेथें खोटी सनद आलीच. जुने आंकडे घासून नवे ठोकणारे कारागीर निर्माण झाले. त्यांतहि १९६४ व १९६५ च्या जीटीओची गंमत अशी कीं, तेव्हां ती स्वतंत्र गाडी नसून केवळ 'जादा साज' असल्यामुळें तिच्या क्रमांकावरून ती जीटीओ कीं साधी लेमान्स हें मुळीं कळतच नाहीं. कंपनीच्या जुन्या दफ्तराची नक्कल मागवावी तेव्हां उलगडा होतो. दंडक चुकविण्यासाठीं लढविलेली युक्ति अशी साठ वर्षांनीं नातवंडांच्या गळ्यांत येते.

आम्हांस या आंकड्यांच्या सोवळ्यांत एक मोठा अन्याय दिसतो. या गाड्या दामटण्यासाठींच जन्मल्या. ज्या पोरानें आपली गाडी वुडवर्डवर रोज रात्रीं शर्यतीला लावली, त्यानें तिचा धर्म पाळला, आणि साहजिकच तिचें इंजिन फोडलें. त्या जागीं मोडीच्या बाजारांतून मिळेल तें दुसरें बसविलें. ज्यानें ती झांकून ठेवली त्याचे आंकडे जुळले. आज लिलावांत पहिल्यास कमी आणि दुसऱ्यास अधिक मिळतें. १९७१ सालीं हेमी इंजिनाची उघड्या टपाची प्लिमथ 'कुडा' महागडी म्हणून फारशी कोणास नको होती. अवघ्या अकरा निघाल्याचें सांगतात. त्यांतली एक २०१४ सालीं सिएटलच्या लिलावांत ३५ लक्ष डॉलरांस गेली. बाजार दुर्मिळतेला पैसे देतो हें आम्ही जाणतों. परंतु खप झाला नाहीं यालाच बाजार पुण्य समजूं लागला, तर रोड रनरच्या त्या ४५,००० गिऱ्हाइकांनीं काय करावें? आणि आंकड्यांचाच आग्रह धरावयाचा, तर ज्या गाडीनें या साऱ्या प्रकाराला मासिकांतून कीर्ति मिळवून दिली तिच्याच पोटांत परकें इंजिन होतें, याचा निवाडा कसा करणार?

मेहुण्यांच्या शेजारीं ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ राहतात. त्यांनीं १९६५ च्या वसंतांत, कारखान्यांत लागून दोन वर्षें झालीं होतीं तेव्हां, नवी जीटीओ घेतली. दोन वर्षांनीं वुडवर्डवरच एका रात्रीं तिचा कनेक्टिंग रॉड तुटून इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला. ही हकीकत सांगतांना म्हातारा लाजत नाहीं. उलट समोरची गाडी कोणती होती आणि आपण किती पुढें होतों, हें हातांनीं दाखवितो. एका अपघातांत सांपडलेल्या मोठ्या पाँटियाकचें इंजिन त्यांनीं आणून बसविलें, तें आजतागायत आहे. मुलें झालीं, दुसरी गाडी आली, ही मागच्या खोपटांत गेली. १९८४ पासून तीन हिवाळे पतिपत्नींनीं मिळून तिचा जीर्णोद्धार केला. बैठकींचीं आवरणें पत्नीनें स्वतः चढविलीं. ती आतां हयात नाहीं.

त्यांच्या मुलाचें म्हणणें असें कीं, योग्य तारखेचा ओतीव ब्लॉक आतां मिळतो. त्यावर योग्य अक्षरें ठोकून घ्यावीं आणि गाडी एकदां विकण्याजोगी करावी. मुलाचें म्हणणें अगदींच वावगें नाहीं. म्हाताऱ्याला जिना चढवत नाहीं, खोपट दूर आहे, आणि गाडी पुढें कोणी पाहावी हा प्रश्न उभा आहे. ज्या पाँटियाक नांवाचा म्हाताऱ्याला अभिमान तें नांवहि २०१० सालीं बंद झालें. ओल्ड्समोबिल २००४ मध्यें, प्लिमथ २००१ मध्यें गेलें. डेट्रॉइटची वस्ती १९५० मधील साडेअठरा लक्षांवरून २०२० सालीं साडेसहा लक्षांच्याहि खालीं आली. गाडी शिल्लक आहे, गोत्र उरलें नाहीं.

आम्हीं मेहुण्यांकरवीं त्यांना विचारलें कीं, अक्षरें ठोकून घेण्यांत अडचण कोणती? त्यांनीं आम्हांस गाडीजवळ नेलें आणि चालकाच्या पायाखालचा गालिचा दाखविला. टांच टेकते तेथें तो झिजून दोरे निघाले होते. नवा गालिचा बाजारांत मिळतो. त्यांनीं घेतलेला नाहीं. इंजिनाविषयीं ते एवढेंच म्हणाले कीं, पहिलें इंजिन दोन वर्षें चाललें आणि हें पन्नासांहून अधिक वर्षें चालत आहे; तेव्हां मूळचें कोणतें हें आपणांस तरी कळत नाहीं.

लोकांचाहि कल अलीकडे थोडासा या बाजूस झुकूं लागला आहे असें दिसतें. १९६८ च्या 'बुलिट' या चित्रपटांत स्टीव्ह मॅक्वीननें सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर जी हिरवी मस्टँग पिटाळली, ती १९७४ मध्यें न्यू जर्सीकडील एका कुटुंबानें सुमारें ६,००० डॉलरांस घेतली. घरची बाई ती घेऊन शाळेंत शिकवावयास जात असे. १९७७ सालीं मॅक्वीननें स्वतः पत्र लिहून गाडी मागितली. त्यांनीं दिली नाहीं. चाळीस वर्षें ती दडून राहिली, आणि जानेवारी २०१८ मध्यें डेट्रॉइटच्या प्रदर्शनांत, रंग उडालेली, चित्रीकरणाच्या खुणा अंगावर वागविणारी, अशीच लोकांपुढें आली. तिचा जीर्णोद्धार कोणीं केला नाहीं. जानेवारी २०२० मध्यें तिला ३७ लक्ष ४० हजार डॉलर आले. तोंवर दुसऱ्या कोणत्याहि मस्टँगला इतके आले नव्हते. अर्थात् हें मॅक्वीनच्या नांवाचें मोल. शेजारच्या म्हाताऱ्याच्या टांचेला कोणी असे पैसे देणार नाहीं.

त्या शनिवारीं सायंकाळीं ते आम्हांस गाडींत बसवून घेऊन गेले. वुडवर्डवर दाटी एवढी कीं दुसऱ्या गीअरच्या वर जातां आलें नाहीं. परत येतांना एका मोकळ्या आडरस्त्यावर मात्र त्यांनीं कांहीं न सांगतां पाय दाबला; आमची पाठ बैठकीला चिकटली, आणि आमच्या तोंडून जो उद्गार निघाला तो मराठींत असूनहि त्यांना समजला. गेल्या हिवाळ्यांत त्यांनीं गीअरबॉक्स पुन्हा उतरविला असल्याचें मेहुण्यांकडून कळतें; ऑगस्टच्या आंत तो बसेल असा त्यांचा अदमास आहे.